तीन फूट खोल

खोक्यावर छापलंय : वीस हजार केल्व्हिन.
मी म्हणालो, मुश्ताक, एवढ्या तापात
लोखंडच काय, भट्टीसुद्धा उरायची नाही.
तो हसला. काका, हा ताप नाही, नुसता रंग आहे.
हात लावा.
लावला. कोमट.
गच्चीवरच्या पापडाइतकासुद्धा नाही.

एकतीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत
मी रंगावरून ताप सांगितला.
कुंकवासारखा असेल तर विडी ओढून या,
मोसंबीच्या सालीसारखा असेल तर हलू नका,
आणि पांढरा, ज्याच्याकडे बघवत नाही, तो सोळाशे.
तेव्हा निळी काच डोळ्यापुढं धरायची
आणि म्हणायचं, ओता.
यंत्र पुढं आलं. त्याचं-माझं
दहा-पंधरा अंशांवर कधी भांडण झालं नाही.

आता बैठकीत ही टाकी. तीन फूट खोल.
काखेपर्यंत हात बुडवला तरी
तळाची वाळू बोटाला लागत नाही,
आणि कोपराजवळचा भाजल्याचा डाग
पाण्यात दुसऱ्याच कुणाचा वाटतो.
नळ दहाव्या दिवशी येतो, मी मीठ कालवून समुद्र करतो.
शेजारच्या गोदूबाई कठड्यावरून विचारायच्या,
काय करू लागले हो तुम्ही?
फिल्टरमधून वाया जाणारं पाणी
त्यांच्या कढीपत्त्याला द्यायला लागलो,
तेव्हापासून विचारत नाहीत.

इंदुमतीच्या बोटात पोवळं आहे, मंगळासाठी घातलेलं.
टाकीतल्या पोवळ्यानं कोळंबीचा कण ओढून घेतला
तशी ती काचेजवळ आली.
हे जेवतं होय?
मग अंगठीकडे बघून :
म्हणजे हे नऊ वर्षं उपाशीच.

मुश्ताकनं तीन दिवे टांगून दाखवले.
पहिला मेटल हॅलाइड.
लावल्याबरोबर वाळूवर उन्हाची जाळी हलायला लागली
आणि माझ्या पोटातही काहीतरी हललं.
हाच, म्हणालो.
तासाभरात पाणी दोन अंश चढलं.
बाहेर मे महिना, त्रेचाळीस.
भट्टी घरी आणायची नाही, इंदुमती म्हणाली,
आणि विजेचं बिल माझ्या हातात ठेवलं.
दुसरा नळ्यांचा, सगळीकडे सारखा,
सरकारी दवाखान्यातल्यासारखा,
खाली पोचेपर्यंत दमलेला.
तिसरा एलईडी. अरुंद भिंगाचा,
उजेडाला मानेला धरून खाली ढकलणारा.
मुश्ताकनं मापक दोरीनं सोडला,
आडात पोहरा सोडतात तसा.
वर चारशे, मध्ये दोनशे दहा, तळाला नव्वद.
नव्वदात काय जगतं रे?
ज्याला नव्वदच सोसतं ते, काका.

राहिला रंग.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू फाल्गुनात काढला,
डाव्याचा अजून आहे.
डावा मिटला की टाकी निळीजर्द,
एकेका फांदीची कड हिरवी पेटलेली.
उजवा मिटला की तेच सगळं
पातळ चहातून बघावं तसं.
बराच वेळ मी आळीपाळीनं डोळे मिटत बसलो.
मुश्ताकला वाटलं, खूण करतोय.
कुठल्या डोळ्याचं ऐकू?
दोन्ही सोडा, म्हणाला. त्यांना विचारा.
वीस टक्क्यांनी सुरू करा,
तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच-पाच वाढवा.
एकदम दिलंत तर पांढरी पडतील.
पांढरी पडली की?
गेली.

मला हे पचायला वेळ लागला.
माझ्या कामात पांढरं म्हणजे झालं,
सगळे मागे सरा, ओता.

संध्याकाळी पेटीतून जुनी निळी काच काढली,
कोपरा उडालेली, मधोमध अंगठ्याचा ठसा.
डोळ्यापुढं धरली आणि टाकीकडे बघितलं.
काच धरलीच नसल्यासारखं दिसलं.
खाली, नव्वदाच्याही आत कुठंतरी,
एक तोंड उघडत होतं, नखाएवढं.

आतून इंदुमतीनं विचारलं, झालं का?
म्हटलं, वीस टक्के.