दोन बेचाळीसपासून

सोहारच्या कॅम्पात, खोली क्रमांक एकोणीस.
व्हिसा कॅन्सल झाला त्या आठवड्यात
रोमेलने मला गिटार विकली, अठरा रियालना.
पट्टा फुकट.
आणि ओव्हरटाइमच्या फॉर्मामागे
चार सोलोंची यादी.
त्यात गाण्यांची नावं नाहीत, नुसत्या वेळा,
कुठून सुरू, कुठे संपतो.
शेवटच्याला संपायची वेळच नाही,
तिथे त्याच्या भाषेतला एक शब्द
जो मी अजून कुणाला विचारलेला नाही.

माझ्या कार्डावर लिहिलंय: इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
म्हणजे प्रेशर गेज, फ्लो मीटर,
काचेमागे थरथरणारे काटे.
रोमेल जाताना म्हणाला,
आता कुठे कार्ड खरं झालं.

पहिला सोपा. अकरा सेकंद.
गाणारा दमून बाजूला होतो
आणि गिटार त्याचंच वाक्य उचलते,
क्रियापदाच्या अलीकडे थांबते.
या अकरा सेकंदांना
मला अख्खा रमजान पुरला नाही.

बिजेश रात्रपाळी करून झोपलेला असतो
म्हणून तारांखाली पायमोजा कोंबतो.
टप् टप् टप्,
ओल्या पुठ्ठ्यावर कुणी बोटं आपटावीत तसं.
सूर मनातल्या मनात घालून घ्यायचा.
खिडकीतल्या एसीचा मात्र पक्का आहे,
तोच माझा तानपुरा.
कंप्रेसर बसला
की मीही बसतो.

दुसरा अर्ध्या वेगावर लावून ऐकला.
इतकी वर्षं जो धबधबा वाटायचा
तो जिना निघाला.
पायरीपायरीला माणूस थांबलेला,
कठड्याला धरून श्वास घेतलेला.
आणि चौदाव्या सेकंदाला तारेवरून बोट घसरल्याची
चिर्र.
चूकच ती.
इतक्या लोकांनी ऐकलेली,
कुणीच दुरुस्त न केलेली.
मी ती सोडून वाजवून बघितलं,
तो दुसराच कुणी वाजवतोय असं वाटलं.
मग चूकही पाठ केली. तिला चार दिवस लागले.

जूनमध्ये गेटवरच्या मशीनने मला ओळखायचं सोडलं.
डाव्या हाताची तर्जनी. लाल दिवा.
पुसून पुन्हा. लाल दिवा.
सकाळचे सहा, अडतीस डिग्री,
मागची बस माझ्या पाठीवर रिकामी होतेय.
टाइमकीपर खल्फानने बोट उलटंपालटं करून बघितलं.
वेल्डर?
नाही.
सिमेंटवर काम?
मी हवेत एक तार दाबून दाखवली.
तो हसला नाही.
म्हणाला, चुलता ऊद वाजवायचा,
लग्नांना पार सहमपर्यंत जायचा,
त्याचाही ठसा कधी उमटला नाही.
उजवा अंगठा नोंदवून घेतला.
अर्धा दिवस कापला तो कापलाच.

तिसरा हर्षलाला पाठवला,
बेचाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, परळीला.
रात्री उत्तर आलं:
मागे घरघर कसली?
एसी, मी लिहिलं.
तो छान लागलाय, म्हणाली.

चौथा दोन बेचाळीसपासून.
शेवटी आवाज विरत जातो.
कानात इअरफोन दाबून, व्हॉल्यूम पार टोकाला नेऊन
मी मागोमाग गेलो,
तर तो वाजवतोच आहे.
काचेपलीकडे कुणीतरी बटण हळूहळू खाली आणतंय
आणि याला पत्ताच नाही.
नुकता कुठे वर चढायला लागलाय,
नवीन काहीतरी सापडलंय त्याला,
आणि मग नुसती खरखर.
पुढचं त्या खोलीतल्यांनीच ऐकलं असेल.

आज बिजेशची दिवसपाळी.
पायमोजा काढून ठेवला.
दोन बेचाळीस. तीन दहा.
तीन अठ्ठावीसला आवाज उतरायला लागतो.
मी नाही उतरत.
हात जातो तिकडे जातो,
एकदा वाट चुकतो, पुन्हा तीच चुकतो.
वीस नंबरच्या खोलीतून भिंतीवर थापा पडतात.
शिवी आहे की ठेका,
अजून कळत नाहीये.