नदीपलीकडचे नऊ

फोनवर बाई विचारतात, बार्स्टोहून,
"मुलांना आणलं तर चालेल का हो?
एक नऊचा, एक चारची."
माझ्यासमोर काचेखाली उत्तर छापून ठेवलंय:
पोहायचा तलाव, तळमजल्यावर खेळांची मशीन,
बुफेत पाच वर्षांखालच्यांना पैसे नाहीत.
मी ते वाचते. चौदा वर्षं वाचतेय.
आवाजात साखर घालायची, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं.
घालते.

छापलेलं नाही ते असं:

लॉबीपासून लिफ्टपर्यंत फरशीची एक वाट आहे,
दोन माणसं शेजारून जातील एवढी.
दोन्ही अंगांना गालिचा.
फरशीवरून मुलांनी जावं, गालिच्यावर पाय नाही.
थांबायचं तर फरशीवरसुद्धा नाही.
मुलांना तो खेळच वाटतो,
गालिचा म्हणजे पाणी, मगरींचं;
हात पसरून, तोल सावरत जातात.
एकदा एक बाप पाहिला,
एक पाय फरशीवर, त्या हातात लेकाचं बोट,
दुसरा पाय पाण्यात,
दुसरा हात मशीनच्या बटणावर.
"एवढं एकच," म्हणत होता.
कोणाला, कोण जाणे.

फोनवर बसायच्या आधी मी खाली होते, खेळांपाशी.
कमरेला किल्ल्या, खिशात अडकलेली नाणी काढायचा चिमटा.
आईबाप मुलांना तिथे सोडून जायचे
अर्ध्या तासासाठी.
अर्धा तास ही आमच्याकडे वेळ नाही,
बोलायची पद्धत आहे.

एमेट. जानेवारीतला.
चारशे दहा तिकिटं जिंकलेली,
मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळलेली.
दुर्बीण हवी होती, नऊशेची.
बाप म्हणाला होता, नऊला येतो.

आता आमचं गाव कोलोरॅडोच्या काठावर,
नदीच्या अलीकडे नेवाडा, पलीकडे ॲरिझोना,
आणि हिवाळ्यात पलीकडचं घड्याळ तासभर पुढे.
खिडकीशी गेलं की पलीकडचा टॉवर फोन ओढून घेतो,
आठाचे नऊ होतात;
दोन पावलं मागे या, पुन्हा आठ.
एमेटच्या फोनवर नऊ वाजले.
तो उठला, जॅकेट घातलं, दाराशी जाऊन उभा राहिला.
मी म्हटलं, बाळा, हे नदीपलीकडचे नऊ.
तो बसला.
जॅकेट काढलं नाही.

मग आमचे नऊ झाले.
मग आमचे अकरा.

दुर्बीण मी काढून दिली.
हिशेबात चारशे नव्वद तिकिटं कमी, ती महिनाअखेर निस्तरली.
त्याने ती डोळ्याला लावली, पलीकडचे दिवे पाहिले,
आणि विचारलं, "तिकडे उद्या आधी येतो?"
मी तिकडेच राहते. पूल ओलांडून तिसरी गल्ली.
ट्रेलरमध्ये माझी दोघं झोपली होती, बहिणीच्या भरवशावर.
म्हटलं, हो. एक तास आधी.

बाप आला तेव्हा त्याच्या हातात आइस्क्रीम होतं,
वितळून मनगटापर्यंत आलेलं.
जिंकला की हरला, चेहऱ्यावरून कळलं नाही.
आम्हाला सहसा कळतं.

आणि खोटं कशाला बोलू,
माझी पोरगी याच तलावात पोहायला शिकली,
कर्मचाऱ्यांच्या पासवर, नोव्हेंबरात,
पाण्यात दुसरं कोणी नसताना.
तिचं काही वाईट झालं नाही.
किंगमनच्या शाळेत गणित शिकवते.
पत्ते मात्र असे पिसते की बघत राहावं,
आणि कोणी "आलेच" म्हणालं
की आधी घड्याळाकडे बघते, मग माणसाकडे.

"हॅलो? ऐकताय ना?"

आणा, मी म्हणते. आणा मुलांना.
फक्त हातावरचं घड्याळ आणा, काट्यांचं.
फोनवर विसंबू नका.
"का हो?"
इथे नदी आहे.

साखर घालायची राहून गेली.
तिकडून थोडा वेळ काहीच नाही.
मग लांबून, बहुधा चारची:
घसरगुंडी आहे का विचार ना.

आहे, सांगा तिला.
निळी.