बफेलो, फेब्रुवारी

अठरा शाळा, नऊ हजार नावं.
दहा टक्क्यांवर मी रेघ मारते,
पलीकडची मुलं लाल होतात.

नेरेइदा, सातवी: सोमवार, बुधवार गैरहजर.
यादिएल, पाचवी: मंगळवार, गुरुवार.
कारण: अज्ञात.

दोन्ही कागद खिडकीच्या काचेला धरले, एकावर एक.
बर्फाचा उजेड आरपार.
तिच्या दिवसांची भोकं
यानं बुजवलेली.
शुक्रवार तेवढा दोघांचा,
त्या दिवशी आईला कारखान्यात सुट्टी.

मंगळवारी मी गेले.
दार यादिएलनं उघडलं,
कडेवर आठ महिन्यांची बहीण,
खांद्यावर दुधाचा ओला डाग.
"आज माझा नंबर," म्हणाला,
जसं वर्गात म्हणावं, हजर.

फॉर्मवर कारणासाठी
दीड इंच जागा.
पेनाचं टोपण
अजून बाळाच्या तोंडात आहे.