अंतर

ताश्कंद ते सोल: चार हजार नऊशे किलोमीटर, थोडे कमीच.
जायला सहा तास. यायला साडेसात.
हे मी दिवसातून वीस वेळा सांगते,
पेल्यातला चहा निवेपर्यंत.

कुयल्युक बाजाराच्या मागच्या दारापाशी आमचं तिकिटांचं दुकान.
शेजारी गाजराची कोशिंबीर विकणाऱ्या कोरियन बायका;
त्यांच्या लसणाचा वास
माझ्या गल्ल्यातल्या नोटांनाही लागतो.
त्यांच्या मुली तिकडे कारखान्यात, जावई तिकडे,
इकडे नातवंडं
आणि दिवसभर चार्जरला लावलेले फोन.

तिमोफेय ओगाय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतात,
पेन्शन घेतली की तसेच, टोपी हातात.
किती अंतर, विचारतात.
मी सांगते.
बरं, म्हणतात, आणि जातात.
महिनाभरात आकडा वाढला तर नाही ना,
एवढंच बघून जावं, तसे.

या मार्चमध्ये मात्र बसले.
म्हणाले, यायला दीड तास जास्त का?
वारा, मी म्हटलं.
फार उंचावर तो पूर्वेकडे धावत असतो,
जाताना पाठीशी, येताना तोंडावर.

हसले. तीन दात सोन्याचे.
आम्हाला इकडे आणलं तेव्हाही तोंडावरच असणार, म्हणाले.
सदतीस साल. मी नव्हतो अजून, आई सांगायची.
गुरांचा डबा, एकतीस दिवस.
आई शालीच्या दशीला रोज एक गाठ मारायची.
एकविसाव्या गाठीला माझा मोठा भाऊ गेला.
गाडी थांबली होती कुठंतरी, पाणी भरायला.
जमीन गोठलेली,
उकरायला हाताशी फक्त भाताची पळी.
मरेपर्यंत म्हणायची,
मी नाही रे त्याला अंतर दिलं,
गाडी सुटली.

मग पुढे वाकून विचारलं,
तुमचं विमान त्या गाठीवरून जातं का?

पडद्यावर हिरवी रेघ होती, जराशी वाकलेली:
अल्माटी, उरुम्ची, बीजिंग.
ते रूळ कुठल्या कुठे, उत्तरेला,
पडद्याच्याही बाहेर.
हो म्हणायला माझं काय जात होतं?
रात्रीचं विमान, खाली नुसता अंधार,
कोण बघायला येणार होतं?

नाही, मी म्हटलं.
वाटेत नाही पडत.

त्यांनी टोपी घातली. पुन्हा काढली.
आतल्या खिशातून रबर लावलेली गड्डी काढून
काउंटरवर ठेवली.
मोजा, म्हणाले.
मी दोनदा मोजले. दुसऱ्यांदा उगाच.

डावीकडची खिडकी देते, मी म्हटलं,
जाताना उत्तर त्या बाजूला असते.
मान डोलावली.
बोटानं टेबलावर एक विमान नेलं,
ते वळवून परत आणलं, आणि थबकले.
मग येताना उजवीकडची लागेल, म्हणाले.
येतानाचं दिवसाचं आहे ना?
दुपारचं, मी म्हटलं.
तीच नीट बघून द्या.
तेव्हा दीड तास जास्त मिळतो.

प्रिंटर अडखळत होता, नेहमीसारखा.
बाहेर कुणीतरी गाजरं किसत होतं.
ते टोपीच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले,
एकेक टाका चाचपत.