पान सतरा

अप्पा बळवंत चौकामागे बाइंडिंगचं काम करतो मी.
वीस वर्षं पुस्तकं शिवली,
मोठ्यानं एकही वाचलं नाही.

पोरगी एकोणतिसाव्या आठवड्यात आली.
अकराशे ग्रॅम.
कागदाचं अर्धं रीमही याहून जड भरतं.
काचपेटीवर चिठ्ठी: बेबी ऑफ वैजयंती.

लिस्सी सिस्टर म्हणाली, बोला तिच्याशी.
काय बोलू?
मग वाचा. काहीपण. पोटातून ऐकलाय तिनं तुमचा आवाज.

तीनदा हात धुतले, तरी नखांत खळ.
पिशवीत एक सुटा फर्मा होता, पाककृतींचा,
पान सतरा ते बत्तीस.
शेजारच्या पेटीपाशी
हिंजवडीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला माणूस,
त्याचीच लाज वाटत होती.
घसा खाकरला. वाक्य मधूनच सुरू झालं:
"झाकण ठेवून, मंद आचेवर,
सारखं उघडून न बघता."
सिस्टर फिस्सकन हसली.

"मीठ चवीनुसार" दोनदा वाचलं,
कारण तिनं कपाळाला आठी घातली.
मशीनवरचे आकडे मला कळत नाहीत.
आठी कळते. आईवर गेलीये.

वर वॉर्डात वैजूनं विचारलं, काय वाचलंस?
म्हटलं, अळूचं फदफदं.
टाके धरून हसली ती, तीन दिवसांनी.

दुसऱ्या संध्याकाळी तो माणूस जवळ आला:
"पुढची पानं मिळतील? मला काही सुचतच नाही."
तेहेतीस ते अठ्ठेचाळीस दिली त्याला.
तो आता लोणच्यांत आहे,
मी अजून पालेभाज्यांत.

पहिली सोळा पानं दुकानातच ठेवलीत.
ती घरी आल्यावर.