कोरा रकाना

नारीनमध्ये उणे सव्वीस. खोलीत मात्र
सर्व्हरला पाठ टेकून बसावं इतकी ऊब.
बुरुलचानं चहा त्याच्यावरच ठेवलाय, नियम मोडून.

डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली.
कोण कधी आत आलं, किती वेळ होतं, किती डेटा नेला,
तीन वर्षं या ओळींवरून कुणी झाडू फिरवला नाही.
तेमिर म्हणायचा, राहू दे, कधीतरी लागेल.
तेमिर गेला बिश्केकला. ओळी राहिल्या.

ती आज्ञा लिहिते:
बाहेर पडून ज्यांना नव्वद दिवस झाले, ते सगळे पुसून टाक.
दोनदा वाचते. बॅकअप तपासते. एंटर.

चाळीस लाख ओळी जायला
अर्धा पेला चहाएवढा वेळ.

उरलेल्यांत एक जुनीच दिसते:
झायनागुल, डेअरीमागची इमारत, तिसरा मजला.
दोन वर्षांपूर्वीचा सात नोव्हेंबर,
रात्री दोन चौदा, आत.
बाहेरचा रकाना कोरा.
त्या रात्री वीज गेली,
निरोपाचं पॅकेट वाटेतच विरलं.
पुढच्याच आठवड्यात ती नवऱ्याकडे गेली, मॉस्कोला.
राउटर परत देताना म्हणाली,
केबल असू दे भिंतीत.

जी निघालीच नाही
तिला जाऊन नव्वद दिवस कसे होतील?
यंत्राचा हिशेब चोख.
आमच्या भाषेत निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात;
इथे तेवढंही कुणी म्हटलेलं नाही.

बुरुलचा रकान्यात आजची तारीख घालते.
खोडते.
एका ओळीनं काही डिस्क भरत नाही,
आणि चहा, सर्व्हरच्या कृपेनं, अजून गरम.