दोऱ्यानं कापलेलं लोखंड

भाता आठ दिवस बंद होता.
कोळसा एका तावापुरता,
आणि पाटा एकच,
भंगारातल्या ट्रकच्या कमानीचा,
हिंगणघाटहून काकानं सायकलला बांधून आणलेला.

त्यातून आकडा करायचा होता
जिनातल्या गाठी उचलायचा.
आधीचा तुटला. त्याच्या आधीचाही.
दोन्ही आमच्याच ऐरणीवरचे.

बाबा म्हणाले, "इस्तो नको पेटवू. माती आण."

वणेच्या काठची काळी आणली मी, चाळून,
भिंतीला लावायची पांढरी वेगळी मळली.
दोन्हीत जवसाचं तेल, मोहोळाचं मेण,
कढई आईची,
त्याबद्दलची बोलणीही तिचीच.

हाताला चिकटेना, काठाला फाटेना,
तेव्हा बाबांनी अंगठा दाबला त्या गोळ्यात
आणि बराच वेळ तसेच राहिले,
वैद्यानं नाडी धरावी तसे.
"तावातलं लोखंड असंच असते पोरी.
फक्त ह्याले हात लावता येते."

काळा थर, पांढरा थर, पुन्हा काळा,
पाट्याच्या जाडीची थप्पी.
बाभळीच्या ओंडक्याची ऐरण,
लाकडी मोगरी, खाली चुलीतली राख.

मी ठोकलं.
दोन्ही तोंडं जागच्या जागी, मधलं पोट सुटलं.
"राख कमी पडली. कडा अडकल्या,
मंग मधातल्यानं जावं कुठं?"
पुन्हा राख. पुन्हा थप्पी.
सकाळच्या गारठ्यात कडेला भेगा गेल्या.
"थंड्या लोखंडावर घण मारला का
ते बी असंच करते. उन्हात ठेव घडीभर."

तिसऱ्या दिवशी आकडा आकड्यासारखा दिसला.
मी खूष.
बाबांनी आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेतला,
दोन बोटांत ताणला,
आणि आकडा मधोमध कापला.

आत पट्टे होते.
धुऱ्याशी बैल वळवताना
वखराचे तास वळतात, तसे वळत गेलेले,
सगळे एकमेकांना धरून.
फक्त वाकणाच्या आतल्या अंगाला
एक पांढरी रेघ
स्वतःवरच दुमडून निजली होती.
वरून हात फिरवला, गुळगुळीत.

बाबांनी नखानं दाखवलं.
"इथं."

दोन्ही वेळा घण माझ्या हातात होता.
दोन्ही वेळा मी हमालांना बोलले,
लोखंडाला बोलले,
गाठी जास्त भरतात म्हणाले.
बाबा काहीच म्हणाले नव्हते.
आत्ताही म्हणाले नाहीत,
दोऱ्याला लागलेली माती पुसत बसले.

मग मी मोजणं सोडलं.
आधी वाकव, मग दाब. नाही.
आधी दाब, मग वाकव. जवळ आलं.
बाहेरून तीन हलके, मग एक आतून,
आणि वाकण ओलांडून पुढे.
कापलेल्या अर्ध्या आकड्यांची रांग ओट्यावर,
शाळेत जाणारी पोरं विचारायची,
"हे खायाचे आहेत का?"

नवव्या दिवशी भाता फुगला.

मातीनं बरंच शिकवलं होतं.
हे सांगितलं नव्हतं की
लोखंड थांबत नाही कुणासाठी:
केशरी, लाल, जांभळं,
श्वास घेईपर्यंत काळं.
खवले उडतात, भुवई जळते,
आणि प्रत्येक घावाला ते
कोपरापर्यंत उलट उत्तर देतं.
पण हात कुठे पडायचा ते हाताला माहीत होतं.
बाहेरून तीन हलके.
एक आतून.
बाबा सांडशी धरून डोळे मिटून ऐकत होते.

लोखंड कापणारा दोरा अजून
कुणाच्या डब्यात नाही.

जिनात आकडा साखळीला लागला,
पहिली गाठ जमिनीवरून सुटली,
हलत हलत वर गेली.
शालिक हमाल खाली उभा राहीना.
"टिकन का हा?"

मी त्या वाकणाकडे पाहिलं.
काळं लोखंड, त्यावर तेलाची चमक,
आणि मला दिसत होते
पट्टे, एकमेकांना धरून वळलेले.

"आतून पायला हाये मी त्याले," मी म्हणाले.
ते सगळंच काही खोटं नव्हतं.